दम

शुक्रवारी रात्री वादी कबीरमध्ये
टायरांच्या गोदामामागे वाळू चाळून अंथरतात,
चुन्याने आखतात मध्यरेषा, निदानरेषा,
आणि दोन हॅलोजन पेटले
की पेणचा जनार्दन टेमकर,
दिवसभर क्रेनच्या खोपटात अंग चोरून बसलेला माणूस,
मांडीवर थाप मारतो.

माझ्या फोनमध्ये तो कधीच आला नाही.
आला तो नुसता फराटा,
पिवळ्या उजेडात बोटाने पुसलेलं कुणीतरी.
बायकोला पाठवायचा म्हणून त्याने एकदा फोटो मागितला,
बघितला,
म्हणाला, "ताई, यात मी गेल्यासारखा दिसतोय."

म्हणून कॅमेरा.
दवाखान्याच्या काउंटरवरचे दोनशे तीस रियाल,
त्यातले नव्वद आईचे, साठ खोलीचे,
उरलेल्यात पोट आणि फोन.
सात महिने कडक चहा सोडला
तेव्हा डब्यात एकशे दहा झाले.

रुवीच्या मोठ्या दुकानातल्या पोराने
काचेआडची पांढरी लेन्स दाखवली,
कोपरापासून मनगटापर्यंत लांब.
खेळासाठी हीच, म्हणाला.
किंमत ऐकून मी पर्समध्ये
उगाच रुमाल शोधला.

मागच्या गल्लीतला सुगुणन किंमत सांगेचना.
आधी विचारलं, कुठला खेळ?
क्रिकेट असेल तर आत्ताच परत जा,
लांबचं बघायला फार पैसे पडतात.
म्हटलं, कबड्डी.
अंगण केवढं?
तेरा बाय दहा मीटर, मी म्हटलं,
आमचं बारा बाय आठ होतं.
"आमचं" ऐकून त्याने मान वर केली,
पण विचारलं काही नाही.

"मग जवळ जाऊन बस.
हात लांब नको, डोळा मोठा हवा."
खालच्या कप्प्यातून त्याने काढली
कोपरे घासलेली, रबर सुटलेली एक बॉडी
आणि पन्नासची लेन्स, एक दशांश आठवाली,
प्लास्टिकची, चटणीच्या वाटीएवढी,
पण अंधार घटाघटा पिणारी.

वायर जोडून त्याने आकडा वाचला.
एकसष्ट हजार वेळा उघडून मिटलाय पडदा.
कुणाकुणाची लग्नं, कापलेल्या फिती,
कंटाळलेल्या मुलांचे वाढदिवस.
माझ्या डाव्या गुडघ्याचाही असा आकडा
कुणी काढून दिला असता,
सांगलीच्या त्या उपांत्य सामन्याआधी.

"सेकंदाला पाच फोटो," तो म्हणाला, "नवे वीस काढतात."
चढाई तीस सेकंदांची.
आम्हाला तेवढ्यात एकच दम मिळायचा.
पाच म्हणजे चैन.

अठ्ठ्याण्णवला सौदा झाला.
उरलेल्या बारांत कार्ड
आणि एक बॅटरी, जी दमट रात्री लवकर मान टाकते.

पहिल्या शुक्रवारी एसीतून थेट मैदानात आले
आणि काचेवर धुकं बसलं.
ओढणीने पुसणार होते, पण सुगुणनने बजावलं होतं,
पुसू नकोस, थांब.
थांबले. घाम हनुवटीवरून टपकत होता.
आत दोन गडी बाद झाले, एक लोण बसला,
पंचाशी भांडण झालं, मिटलं,
आणि मी कॅमेरा मांडीवर घेऊन
ताप उतरायची वाट बघावी तशी.

मग राखाडी काचेत आधी हॅलोजन आले, मग रेषा,
मग रेषेवर पाय रोवून टेमकर.

दोनशे अकरा काढले. धड आले सात.
एकात तो हवेत आहे, आडवा,
घोट्याला कुणा लाहोरवाल्याचे दोन्ही हात,
बोटं मध्यरेषेपासून वीतभर लांब,
उडालेल्या वाळूचा कण न् कण मोजता येईल.
आणि ओठ घट्ट मिटलेले.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर
त्याने तो बराच वेळ पाहिला.
"तोंड बंद आहे, ताई.
बघणाऱ्याला वाटेल, दम गेला."

गेला नव्हता.
ते ओठ "कबड्डी"तल्या "ब"वर मिटले होते.
मी चार हातांवर होते, ऐकत होते,
आणि श्वास
माझाही सुटलेला नव्हता.